उतारशाळा कोणती निवडावी?



दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक १०) आपल्याला इतका पाठ आहे की याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, इथवर वाचन आले की आपले लक्ष उडते. पुढचे ठाऊक असते. आम्हा धर्मगुरूंची प्रवचनेही बहुधा रस्त्यावरच संपतात: जखमा, तेल, द्राक्षारस, आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवणारा परका. आज मला तुम्हाला रस्त्यावरून थोडे पुढे, उतारशाळेच्या दारापर्यंत न्यायचे आहे.

शोमरोन्याने जखमी माणसाला स्वतःच्या घरी नेले नाही, हे लक्षात घ्या. त्याला उतारशाळेत नेले. पण नेऊन लगेच निघून गेला नाही. ती रात्र तो तेथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. याची काळजी घे, आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन, असे तो सांगून गेला. म्हणजे त्याने जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, पैशांचा व्यवहार स्पष्ट ठेवला, आणि मालकाला सांगून ठेवले की मी परत येणार आहे. प्रेम आंधळे असते असे म्हणतात. या माणसाचे प्रेम तसे नव्हते.

हा विषय आज काढण्याचे कारण आपल्याच घरांत आहे. मिस्सा संपल्यावर, लोक पांगल्यावर, एखादी आई किंवा पत्नी कार्यालयाच्या दाराशी थांबते आणि हळू आवाजात विचारते, "फादर, याला कुठे टाकू?" हा 'टाकू' शब्द माझ्या मनात रुतून बसला आहे. आपण कचरा टाकतो. नवऱ्याने सोडलेल्या बाईला निष्ठूरपणे 'टाकलेली' म्हणतो. आणि दारूत बुडालेल्या मुलाला 'केंद्रात टाकतो'. ती माऊली वाईट नसते. पाच-दहा वर्षे मार, शिव्या, कर्ज आणि रात्रीचा दिवस केलेला असतो. तीन महिने घरात शांत झोप मिळावी एवढेच तिला हवे असते, आणि तसे वाटणे हे पाप नाही. परंतु थकलेल्या माणसाच्या हातून निवड चुकते. व्यसनमुक्ती केंद्रांच्या नावाखाली चालणाऱ्या काही जागा नेमक्या या थकव्यावर जगतात.

थकव्याइतकीच दुसरी वाईट सल्लागार म्हणजे लाज. गावात कळू नये म्हणून आपण लांबची जागा शोधतो. जेथे ओळखीचे कोणी नाही, कोणी भेटायला जाणार नाही अशी. लोकलच्या डब्यात किंवा भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरचा नंबर रात्री दोन वाजता फिरवला जातो. पहाटे गाडी येते, चार दांडगे तरुण उतरतात, माणसाला उचलून नेतात. बायकोने कोणत्या कागदावर सही केली हे तिलाही ठाऊक नसते. पुढे विचारले, तर उत्तर मिळते, "नव्वद दिवस भेट नाही, फोन नाही. आमच्यावर सोडा." आणि आपण सोडतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्गुणाची तीन कामे सांगितली आहेत: आधी चौकशी व सल्लामसलत, मग निर्णय, आणि शेवटी अंमल. आमच्या सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे फारच कोरडे वाटायचे. आता वाटते, हे पहाटे दोन वाजताच्या फोनसाठीच लिहिले असावे. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारतो. तेव्हा चौकशी कशाची करायची, ते जरा सविस्तर पाहू. ही चौकशी शांत दिवशी करून ठेवावी, भांडणाच्या रात्री नव्हे.

पहिला प्रश्न असा की दाखल करायची गरज आहे का? व्यसन म्हटले की केंद्र, असे आपल्या डोक्यात बसले आहे. वास्तविक मद्यपाशात सापडलेल्या कितीतरी जणांवर मानसोपचारतज्ज्ञ बाह्यरुग्ण विभागातच उपचार करू शकतात: औषधे, समुपदेशन आणि नियमित तपासणी. मुंबईत के.ई.एम., नायर यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तेथे खर्च फार नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेले सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेले सदतीस आपल्यामध्येच बसलेले आहेत, काही तर अगदी मागच्या बाकावर. म्हणून आधी डॉक्टर, मग केंद्र. कोणाला दाखल करायचे हे डॉक्टरांनी ठरवावे, गाडीवाल्याने नव्हे.

दाखल करायचेच ठरले, तर मी सर्वात आधी विचारीन: पहिल्या चार रात्री तुमच्याकडे कोण जागे असते? हा प्रश्न थोडा समजावून सांगतो, कारण येथे जीव जातो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. याला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार न मिळाल्यास त्यातून मृत्यू येऊ शकतो. उपचार अवघड नाहीत. योग्य मात्रेत शामक औषधे, बी-१ जीवनसत्त्व आणि पाणी देतात, नाडी व रक्तदाब पाहत राहतात. पण त्यासाठी डॉक्टर आणि परिचारिका लागतात. "आमचे जुने पेशंटच नव्याला सांभाळतात" हे उत्तर पुरेसे नाही. बरा झालेला व्यसनी माणूस उत्तम सोबती होतो, पण तो डॉक्टर होत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाचे नाव विचारा, तो आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा, रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेता तेही विचारा.

येथेच मला आपल्या प्रार्थनेविषयी बोलावे लागेल. नोव्हेना, रिट्रीट, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, यांनी दारू सुटल्याच्या साक्षी आपण ऐकतो. मी त्या नाकारीत नाही. परंतु कोणी सांगत असेल की गोळ्या म्हणजे अविश्वास, त्या बंद करा आणि प्रभूवर भार टाका, तर ती आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. पवित्र शास्त्रात सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचा. वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे, असा त्याचा आशय आहे. आपण रुग्णाला पवित्र तेलाचा अभ्यंग देतो तो डॉक्टरांना घालवून देऊन नव्हे. आदरणीय मॅट टाल्बट यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. डब्लिनमधील हा मजूर १८८४ साली वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दारू सोडण्याची शपथ घेतो आणि १९२५ साली मरेपर्यंत पाळतो. शपथेचे सामर्थ्य म्हणून ही कथा सांगताना एक तपशील गळतो. त्यांनी पहिली शपथ घेतली ती तीनच महिन्यांची, मग ती वाढवली, आणि जन्मभराची शपथ नंतरची. रोजची मिस्सा, प्रार्थना, संगत सोडणे, सगळी दिनचर्याच बदलली तेव्हा ते टिकले. वेलंकनी मातेसमोर मुलाकडून जबरीने घेतलेली आजन्म शपथ आणि ही गोष्ट, या दोहोंत फार अंतर आहे.

म्हणून पाटीवर संताचे नाव आहे, भिंतीवर क्रूस आहे, सकाळी जपमाळ होते, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. श्रद्धेच्या नावाने उघडलेल्या जागेत काय होऊ शकते हे आपल्या देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवासात मानसिक रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. पहाटे आग लागली. साखळ्यांमुळे त्यांना पळता आले नाही आणि २८ जण मेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना प्रार्थनेने बरे व्हावेत म्हणून तेथे ठेवले होते. ते आपल्या धर्माचे नव्हते म्हणून आपला संबंध नाही, असे कृपया म्हणू नका. लाज, थकवा आणि श्रद्धा ही तिन्ही आपल्याकडेही आहेत.

आता कायद्याचे थोडे, कारण ते आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक आजार त्यात धरले आहेत. अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असलीच पाहिजे. ते प्रमाणपत्र बघायला मागा. पुष्कळदा धर्मादाय आयुक्तांकडील ट्रस्टची नोंदणी चौकटीत लावलेली असते, तीच आपल्याला दाखवतात. ट्रस्टची नोंदणी म्हणजे उपचाराची परवानगी नव्हे. हा फरक लक्षात ठेवला तरी निम्मे संशयास्पद दरवाजे आपोआप बंद होतील.

त्याच कायद्याप्रमाणे रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, जबरदस्तीने मुंडण करता येत नाही, सक्तीने काम करून घेता येत नाही. त्याला भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा आणि फोनवर बोलण्याचा हक्क आहे. तक्रार असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे. माणूस स्वतःला वा इतरांना इजा करण्याच्या स्थितीत असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, आणि उपचारांचा निर्णय स्वतः घेऊ शकत नसेल, तरच. तेव्हाही एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. नवऱ्याला न तपासता पहाटे उचलून नेणे यात कोठेच बसत नाही, मग बायकोची सही असो वा सासऱ्याची.

कोणी म्हणेल, "फादर, तो स्वतःहून कधीच तयार होणार नाही." मला योहानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दाचे तळे आठवते. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभू आधी प्रश्न विचारतो: तुला बरे व्हायचे आहे का? ज्याच्या शब्दाने वादळ शमते त्यालाही या माणसाची इच्छा विचारावीशी वाटली. त्या माणसाने सरळ होकारही दिला नाही, कारणेच सांगितली: मला पाण्यात उतरवायला कोणी नाही. आपला नवरा, आपला मुलगाही कारणेच सांगतो. तरी प्रभू निघून गेला नाही. चांगल्या केंद्रातील समुपदेशक हेच काम करतात. कारणे ऐकत ऐकत माणसाला इच्छेपर्यंत आणतात. त्याला वेळ लागतो, म्हणून ज्यांना घाई असते ते काठी वापरतात.

या घाईचाच आणखी एक प्रकार म्हणजे "न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात. जेवणात कालवायची पूड. तिच्यात काय असते हे आपल्याला कोणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे औषध डॉक्टर देतात ते खरे, पण ते रुग्णाला सांगून, तपासून आणि त्याच्या संमतीने. ते पोटात असताना माणूस प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवावर बेतते. नवऱ्याच्या आमटीत ते गुपचूप घालणाऱ्या भगिनीचा हेतू शंभर टक्के चांगला असेल, पण परिणाम हेतूला विचारून होत नाहीत.

चांगली जागा कशी असते, याची काही उदाहरणे सांगतो. १९३९ साली अमेरिकेत ॲक्रन येथील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने डॉक्टर बॉब यांच्याबरोबर दारूच्या रुग्णांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर बॉब हे स्वतः मद्यपाशातून सुटलेले, 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चे एक संस्थापक. त्या काळी दारुड्याला रुग्णालयात खाट मिळत नसे. सिस्टर प्रत्येक रुग्णाला घरी जाताना पवित्र हृदयाचा लहानसा बिल्ला देत आणि सांगत की पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हा परत आणून द्या. विचार करा, यात औषध आहे, श्रद्धा आहे, आणि परत येण्यासाठी दारही उघडे आहे. आपल्याकडे मुंबई धर्मप्रांताचे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले. त्यांनी ए.ए.च्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. अवचटांचे 'गर्द'वरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मदत केली होती. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. एकटा नवरा नव्हे, घर आजारी पडलेले असते, ही समज त्यामागे आहे.

ही नावे घेतली म्हणून डोळे मिटून जा असे मी म्हणत नाही. तेथेही हेच प्रश्न विचारा. नामांकित संस्थेला प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला राग येतो त्याच्याकडून निघून या. आत जाऊन स्वयंपाकघर पाहा, संडास पाहा, झोपायची जागा पाहा. एकाच खोलीत किती जण आहेत? दाराला बाहेरून कुलूप आहे का? तेथील रुग्णांच्या चेहऱ्याकडे पाहा. व्यवस्थापक जवळ उभा असताना ते कसे बोलतात, यावरून पुष्कळ कळते. सुरुवातीचे काही दिवस भेट नको असे चांगली केंद्रेही सांगतात, पण त्याचे कारण आणि मुदत सांगतात, आणि प्रकृती कशी आहे हे कळवत राहतात. पैशांची पावती घ्या. माणूस मध्येच घरी आला तर उरलेल्या रकमेचे काय, हे आधीच लिहून घ्या. आणि "शंभर टक्के गॅरंटी" हा शब्द ऐकलात की उठा. मधुमेहाचा डॉक्टर अशी हमी देत नाही, मग व्यसनाचा कसा देईल?

शेवटी विचारायचा प्रश्न आपण बहुधा विसरतो: बाहेर आल्यावर काय? आपल्याला वाटते, माणूस दुरुस्त होऊन परत आला, संपले. खरे काम त्यानंतर सुरू होते. पुन्हा पिणे हे या आजारात वारंवार घडते. केंद्राने त्याची तयारी करून घेतली आहे का, पाठपुराव्याला बोलावतात का, ए.ए. गटाशी जोडून देतात का, हे पाहा. गर्द किंवा तशा पदार्थांच्या व्यसनातून आलेल्या मुलांविषयी एक धोका पालकांनी जाणून घ्यावा. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय मोडते, आणि मग मोहात पडून जुन्याच मात्रेत घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वात नाजूक. आणि नेमके त्याच आठवड्यांत आपण त्याला लग्नाच्या मांडवात नेतो, एक पेग हातात देतो, "आता एवढ्याने काय होतंय" म्हणतो. असे म्हणणारे काका-मामा रविवारी माझ्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

शोमरोनी परत आला का, हे प्रभूने सांगितलेले नाही. दाखला तेथे संपतो. पण मालकाला ठाऊक होते की हा येणार आहे, आणि त्या जखमी माणसालाही ठाऊक असावे. उतारशाळेत टाकलेला आणि उतारशाळेत ठेवलेला, या दोघांच्या खाटा सारख्याच असतात. एकाला भेटायला कोणीतरी येणार असते.

कोणाच्या घरी हा प्रश्न उभा असेल तर पैसे भरण्याआधी मला भेटा. दिवसा या, रात्री या, मागच्या दाराने या. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बंधूंशी मी बोललो आहे. तुम्ही निवडलेली जागा पाहायला आपल्यापैकी दोघे तुमच्याबरोबर येतील आणि वरचे प्रश्न तुमच्या वतीने विचारतील, कारण घरच्यांना विचारायला धीर होत नाही हे मला ठाऊक आहे. दाखल केल्यावर दर आठवड्याला कोण जाणार हेही आपण आधीच ठरवू. माझ्यापर्यंत यायचा संकोच वाटत असेल, तर सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत फोनसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू